सी-रे : हौसेने घरी विमान बांधणाऱ्यांसाठी उभयचर विमानाचे किट बनवणाऱ्या एका लहान कंपनीचे प्रकरण

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडोच्या वायव्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर, डोरा सरोवराच्या काठी टव्हेरिस नावाचे छोटे शहर आहे. प्रोग्रेसिव्ह एरोडाइन ही कंपनी 2010 मध्ये ऑर्लँडोहून येथे आली. केरी रिक्टर यांनी रचलेले 'सी-रे' हे दोन आसनांचे उभयचर विमान हेच तिचे मुख्य उत्पादन. ते 1992 मध्ये प्रथम उडाले आणि पुढची वीस वर्षे केवळ किटच्या रूपात विकले गेले. किट म्हणजे सुटे भाग, आराखडे आणि सूचनापुस्तिका. त्यांतून विमान उभे करायचे ते घेणाऱ्याने, आपल्या गॅरेजमध्ये, आपल्या हातांनी. 2013 मध्ये याच विमानाची कारखान्यात पूर्ण बांधलेली आवृत्ती अमेरिकेच्या हलक्या क्रीडा विमानांच्या वर्गात मान्य झाली. किट विकणारी कंपनी पूर्ण विमानाकडे का आणि कशी वळली, आणि तसे करताना तिने किट का सोडले नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हे प्रकरण निवडण्यामागे एक ठाम मत आहे. लहान किट उत्पादकाचे खरे भांडवल त्याच्या साच्यांत किंवा यंत्रांत नसून ग्राहकाच्या श्रमात असते. ज्यांनी हे ओळखून पुढचे पाऊल टाकले ते टिकले, आणि ज्यांनी त्या श्रमाला केवळ तात्पुरती पायरी मानले त्यांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. सी-रेचा इतिहास त्याच्याच काळातल्या दोन इतर उभयचर विमानांशेजारी ठेवला की हे स्पष्ट दिसते.

उभयचर विमान आणि किटचा मार्ग

पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे खासगी विमान सर्वसामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत विकण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर रिपब्लिक कंपनीने केला. तिचे सीबी हे विमान हजाराच्या थोडे वर तयार झाले आणि 1947 मध्येच त्याचे उत्पादन बंद पडले. युद्धावरून परतलेले वैमानिक रांगा लावून विमाने घेतील हा अंदाज चुकला, आणि किंमतही सुरुवातीला जाहीर केलेल्या आकड्यावर राहिली नाही. त्यानंतर 'लेक' या विमानासारखे तुरळक अपवाद सोडले तर प्रमाणित लहान उभयचर विमान बाजारात जवळजवळ उरलेच नाही.

याचे मूळ कारण तांत्रिक आहे आणि ते पैशांपर्यंत पोहोचते. जमिनीवरच्या विमानाला चाके लागतात आणि पाण्यावरच्या विमानाला होडीसारखे पोट लागते. उभयचराला दोन्ही लागतात, शिवाय चाके पाण्याबाहेर वर घेण्याची यंत्रणाही लागते. पोटाच्या तळाला मध्यभागी एक पायरी द्यावी लागते, कारण वेग वाढल्यावर पाणी तिथून सुटले नाही तर विमान पाण्याला चिकटून राहते आणि उठत नाही. पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, पाण्याच्या फवाऱ्यापासून वाचवण्यासाठी इंजिन उंच न्यावे लागते. सी-रेत ते पंखांच्या वर असून पंखा मागच्या बाजूला आहे. उंचावरच्या या ओढीमुळे इंजिनाची शक्ती वाढवली की विमानाचे नाक खाली जाऊ पाहते आणि शक्ती कमी केली की वर. साध्या विमानावर शिकलेल्या वैमानिकाच्या सवयीच्या हे नेमके उलट आहे. इंजिन बंद पडले तर तत्काळ नाक खाली करावे लागते, नाहीतर वेग झपाट्याने जातो. या प्रत्येक अडचणीतून थोडे वजन, थोडा खर्च आणि थोडे अधिक प्रशिक्षण निघते, आणि या थोड्याथोडक्याची बेरीज मोठी होते.

त्यातच 1980 च्या दशकात उत्पादन-दायित्वाच्या दाव्यांचा, म्हणजे उत्पादनातल्या दोषाबद्दल कंपनीकडून भरपाई मागणाऱ्या खटल्यांचा, बोजा अमेरिकेतल्या लहान विमानांच्या उद्योगाला असह्य झाला. 1986 मध्ये सेस्ना कंपनीने आपली पिस्टन इंजिनाची लहान विमाने बनवणे थांबवले. जुन्या विमानांवरच्या दाव्यांना अठरा वर्षांची मर्यादा घालणारा कायदा 1994 मध्ये आला, तेव्हा कुठे त्यांचे उत्पादन पुन्हा सुरू होण्याचा मार्ग मोकळा झाला. मधल्या या पोकळीत किटचा बाजार वाढला, आणि सी-रेचा जन्म याच काळातला.

किटला कायदेशीर आधार देणारा नियम साधा वाटतो. विमानाचा बहुतांश भाग ज्यांनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी वा छंदासाठी बनवला आणि जोडला असेल, त्यांच्या विमानाला संघीय विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, 'प्रायोगिक' वर्गातले हौशी बांधणीचे प्रमाणपत्र देते. बांधणारे या नियमाला 'एक्कावन टक्के नियम' म्हणतात. त्याचे परिणाम विमानाच्या अंगावरच दिसतात. आगीत न वितळणाऱ्या धातूच्या छोट्या ओळखपट्टीवर निर्माता म्हणून किट कंपनीचे नाव कोरलेले नसते, तिथे बांधणाऱ्याचे नाव असते. आसनापाशी सूचना असते की हे विमान हौशी बांधणीचे असून प्रमाणित विमानांसाठीच्या सुरक्षा नियमांना अनुसरत नाही, आणि दाराजवळ 'प्रायोगिक' या अर्थाचा इंग्रजी शब्द किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत असतो. अशा विमानात बसणारा पाहुणा ते वाचूनच बसतो.

सी-रे कसे उभे राहते

सी-रेची रचना हौशी माणसाच्या कुवतीचा विचार करूनच ठरली आहे, असे तिचे भाग तपासले की जाणवते. पोट फायबरग्लासचे असून ते कारखान्याच्या साच्यातून तयार येते, कारण पाणी न शिरणारे आणि ताणाला पुरे पडणारे पोट घरी ओतणे हे सर्वांना जमणारे काम नाही. पंख मात्र अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या सांगाड्यावर पॉलिएस्टरचे कापड चढवून घरी तयार होतात. नळी कापणे, भोके पाडणे आणि रिव्हेट बसवणे ही कामे साध्या हत्यारांनी होतात आणि चूक झाली तर नवी नळी मागवता येते. अवघड काम कारखान्याने करायचे आणि वेळखाऊ काम घेणाऱ्यावर सोपवायचे, अशी ही वाटणी आहे. माझ्या मते कंपनीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो तिने पहिल्याच दिवशी घेतला.

कापड चढवण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. पॉलिएस्टरचे कापड आधी सांगाड्यावर सैलसर चिकटवतात. मग तापमान मोजून नेमके केलेल्या इस्त्रीने ते टप्प्याटप्प्याने तापवतात, आधी कमी उष्णतेवर आणि नंतर अधिक. कापड आकसत जाऊन सांगाड्यावर ताठ बसते, सुरकुत्या नाहीशा होतात आणि बोटाने टिचकी मारली की घुमणारा आवाज येतो. इस्त्री अंदाजाने तापवली तर ताण असमान येतो. फार तापवली तर कापड हलका सांगाडा वाकवते किंवा स्वतःच कमजोर होते. त्यावर सूर्याच्या अतिनील किरणांपासून बचाव करणारा चंदेरी थर देतात आणि शेवटी रंग लावतात. घरी विमान बांधणाऱ्या अनेकांना याच टप्प्यावर आपण वस्तू नव्हे तर विमान बनवत आहोत याची खात्री पटते, आणि नेमक्या याच टप्प्यावर रंगाचा एक जास्तीचा हात देण्याचा मोहही होतो.

तो मोह कंपनीच्या दृष्टीने गंभीर आहे, कारण उभयचर विमानाच्या वजनात चुकीला फार कमी जागा असते. पुढे ज्या वर्गात हे विमान मान्य झाले त्या वर्गाची मर्यादा उदाहरणादाखल घेऊ. एकूण 650 किलो वजनातून प्रत्येकी ऐंशी किलोच्या दोन माणसांचे 160 किलो वजा केले आणि नव्वद लिटर पेट्रोलचे सुमारे 65 किलो वजा केले, तर रिकाम्या विमानासाठी 425 किलो उरतात, आणि त्यात सामानाची एक पिशवीही धरलेली नाही. रंगाचा एक हात, गुबगुबीत आसने, जास्तीचा रेडिओ, मोठा पडदा असे करत बांधणारा सहज वीस किलो वाढवतो. जमिनीवर याची किंमत धावपट्टीच्या थोड्या जास्त लांबीत मोजली जाते. पाण्यावर मात्र पोट पाण्याच्या वर येऊन पायरीवर सरकू लागण्यापूर्वी प्रतिकाराचा एक उंचवटा पार करावा लागतो, आणि इंजिनाच्या शक्तीत पुरेसे शिल्लक नसेल तर विमान त्या उंचवट्याअलीकडेच फवारा उडवत राहते. सी-रेच्या सुरुवातीच्या काही विमानांत टू-स्ट्रोक रोटॅक्स 582 हे पासष्ट अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे फोर-स्ट्रोक रोटॅक्स 912 आणि त्याची शंभर अश्वशक्तीची आवृत्ती, तसेच टर्बो लावलेले 115 अश्वशक्तीचे रोटॅक्स 914 वापरात आले. इंजिनांची ही चढती मालिका म्हणजे बऱ्याच अंशी वजनाशी चाललेल्या झगड्याचीच नोंद आहे.

दुसरी बाब चाकांची. उभयचर विमानांच्या अपघातांत एक प्रकार इतका परिचित आहे की प्रशिक्षणाचा सगळा भर त्यावर असतो. धावपट्टीवर चाके वर ठेवून उतरले तर पोटाचा तळ घासतो, विमान थांबते आणि बहुधा दुरुस्तीचा खर्च येतो, एवढेच. पाण्यावर चाके खाली ठेवून उतरले तर चाके पाण्यात रुततात, विमान नाकावर उलटते आणि आतली माणसे पाण्याखाली डोके खाली पाय वर अशी पट्ट्यांत अडकू शकतात. म्हणून वैमानिकाला मोठ्याने बोलण्याची सवय लावतात : 'मी पाण्यावर उतरतो आहे, चाके वर आहेत,' आणि तेही केवळ दिवा पाहून नव्हे, तर खिडकीतून चाकाकडे डोळ्यांनी पाहून. सी-रेची मुख्य चाके पोटाच्या बाजूंना वर येतात आणि आसनावरून दिसतात. बांधणाऱ्याने जोडलेली यंत्रणा, त्याने बसवलेला दिवा आणि त्याच्या डोक्यातली सवय या तिन्हींवर एक जीव अवलंबून असतो, आणि त्यांपैकी एकही गोष्ट कारखान्याच्या ताब्यात नसते.

अर्धवट किटचा प्रश्न

किट कंपनीच्या हिशेबात विकलेले किट आणि उडालेले विमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर बदलते, नोकरी बदलते, आजारपण येते, उत्साह ओसरतो आणि गॅरेजच्या भिंतीला टेकलेले पंख वर्षानुवर्षे तसेच राहतात. कंपनीला पैसे मिळालेले असतात, पण तिची खरी जाहिरात म्हणजे उडणारे विमान, आणि ते दिसत नाही. अर्धवट किट दुसऱ्याने विकत घेतले की आधीच्या कामाचा दर्जा कोणालाच नेमका सांगता येत नाही. म्हणून किट उत्पादकाचे अर्धे काम विक्रीनंतर सुरू होते : फोनवर उत्तरे देणे, सुधारित भाग पाठवणे, पुस्तिकेतली चुकलेली मापे दुरुस्त करणे, आणि ज्यांनी विमान पुरे केले आहे त्यांना जे अडले आहेत त्यांच्याशी जोडून देणे. सी-रेच्या मालकांत अशी देवघेव मोठ्या प्रमाणावर होत आली. सरोवरावर एकत्र उतरणे, एकमेकांची विमाने तपासणे, नव्याला पहिल्या उड्डाणापूर्वी सोबत घेऊन शिकवणे, हे कोणत्याही कारखान्याला पगारी माणसे नेमून करता आले नसते.

उडण्याआधी आणि नंतरही कायदा बांधणाऱ्याला मोकळे सोडत नाही. पहिल्या टप्प्यात विमान ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडवावे लागते. इंजिन आणि पंखा प्रमाणित जोडीतले असतील तर किमान पंचवीस तास, नसतील तर चाळीस तास. बांधणाऱ्याला आपल्याच विमानाच्या वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र मिळू शकते, कारण त्याने तो प्रत्येक रिव्हेट पाहिलेला असतो. ही सवलत त्या विमानापुरती आणि त्या माणसापुरती असते, विमान विकले की ती नव्या मालकाकडे जात नाही. बांधणाऱ्याच्या श्रमाला कायद्याने दिलेले मोल इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

मात्र श्रम विकत घेण्याचा मोह बाजारात कायम असतो. पैसे आहेत पण वेळ नाही, असे ग्राहक वाढले आणि किट जोडून देणारी व्यावसायिक दुकाने निघाली. काही विमानांत मालकाचा हात नावापुरताच उरला. एफएएने या प्रकारावर 2008 आणि 2009 मध्ये नियमांची उजळणी केली, किटचे मूल्यमापन करणारी पद्धत कडक केली आणि कोणते काम कोणी केले याची यादी भरून घेण्याचे धोरण स्पष्ट केले. प्रामाणिक किट कंपन्यांना याचा त्रासही झाला आणि फायदाही. 'जलद जोडणी' किटमध्ये, म्हणजे बरेच भाग आधीच जोडून येणाऱ्या किटमध्ये, कारखान्याने किती काम करावे याला आता मोजता येईल अशी मर्यादा आली. ज्याला बांधायचेच नाही त्या ग्राहकाला किटच्या नावाखाली सेवा देणे शक्य राहिले नाही. तो ग्राहक गमवायचा की त्याच्यासाठी वेगळे काही करायचे, हा प्रश्न कंपनीसमोर उघडपणे उभा राहिला.

2004 चा नियम आणि 2013 चा निर्णय

उत्तराची जागा आधीच तयार झाली होती. एफएएने 2004 मध्ये हलक्या क्रीडा विमानांचा नवा वर्ग निर्माण केला. जमिनीवरच्या विमानांना 600 किलो आणि पाण्यावरच्या विमानांना 650 किलो कमाल वजन, जास्तीत जास्त दोन आसने, सरळ उड्डाणात 120 नॉटपर्यंतचा वेग आणि एकच पिस्टन इंजिन, अशा त्याच्या अटी होत्या. चाके वर घेण्याची यंत्रणा या वर्गात एरवी निषिद्ध होती, पण पाण्यावर चालणाऱ्या विमानांना ती मान्य केली गेली. पाण्यासाठी दिलेले जास्तीचे 50 किलो आणि चाकांची ही सवलत नसती, तर या वर्गात उभयचर विमान कागदावरही बसले नसते.

या वर्गाचे खरे वैशिष्ट्य प्रमाणनाच्या पद्धतीत आहे. इथे सरकार पारंपरिक प्रकार-प्रमाणपत्र, म्हणजे विमानाची रचना स्वतः तपासून दिलेली मान्यता, देत नाही. उद्योग, वापरकर्ते आणि नियामक यांनी मिळून एएसटीएम या मानक संस्थेच्या समितीत मानके ठरवली, आणि उत्पादकाने आपले विमान त्यांत बसते असे स्वतः लेखी घोषित करायचे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात त्या एका सहीमागे पंखांच्या भारचाचण्या, उड्डाणचाचण्यांच्या नोंदी, गुणवत्ता-नियंत्रणाची व्यवस्था, देखभालीच्या पुस्तिका आणि विमान बाजारात असेपर्यंत त्याच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी उभी असते. ज्या कंपनीचा कारभार मोजक्या माणसांवर चालतो तिच्यासाठी कागदपत्रांची ही शिस्त साच्यांहून महाग पडते.

सी-रे 2013 मध्ये या अटींत बसले, आणि ते वजनाची कोणतीही खास सूट न मागता बसले. हे शक्य झाले कारण किटची रचना आधीपासूनच हलकी होती आणि शेकडो विमानांच्या उड्डाणांतून तिचे दोष कळून दुरुस्त होत आले होते. पंखांच्या जोडापासून चाकांच्या कुलुपापर्यंत जे काही कधी सैल झाले, गंजले किंवा तुटले, ते कोणातरी बांधणाऱ्याने पाहून कळवले होते. दुसऱ्या शब्दांत, कारखान्यातले पहिले विमान बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या चाचण्यांचा मोठा भाग हौशी माणसांनी आपल्या खर्चाने केला होता.

याच वेळी कंपनीच्या छपराखाली दोन परस्परविरोधी कर्तव्ये आली. कारखान्यात बांधलेल्या विमानाच्या मालकाला उत्पादकाच्या लेखी परवानगीशिवाय त्यात बदल करता येत नाही, आणि उत्पादकाने सुरक्षा-निर्देश काढला तर तो पाळणे बंधनकारक असते. किटच्या मालकाला जवळजवळ सगळे बदल करण्याचे स्वातंत्र्य असते आणि कंपनीचा सल्ला त्याच्यासाठी केवळ सल्ला असतो. दिसायला सारखी दोन विमाने शेजारी उभी असतात, पण एकात बोल्ट बदलायला कागद लागतो आणि दुसऱ्यात लागत नाही. फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रत्येक वेळी आधी विचारायला हवे की तुमचे विमान कोणत्या वर्गातले आहे. इथे थोडी ढिलाई झाली तर किटच्या मालकाला दिलेला सूचनावजा सल्ला दुसऱ्या वर्गात नियमभंग ठरू शकतो. सी-रेच्या वाटचालीतला हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. व्यवसाय वाढताना माणसे विक्रीचे आकडे पाहतात आणि जबाबदारीचे असे दुपदरी होणे नजरेआड करतात.

शहराने या कामात दिलेला हात उल्लेखनीय आहे. टव्हेरिसने स्वतःची ओळख 'अमेरिकेचे सीप्लेन शहर' अशी करायचे ठरवले आणि 2010 मध्ये डोरा सरोवरावर पाण्यावरच्या विमानांचा तळ उघडला. किनाऱ्यावर जेवायला येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विमाने उतरू लागली. नव्याने उत्पादन करणाऱ्या छोट्या कंपनीला चाचणीसाठी पाणी, ग्राहकाला दाखवण्यासाठी जागा आणि पाठीशी उभे राहणारी नगरपालिका अशा तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळणे दुर्मीळ असते.

विमानाच्या क्षमतेचा सर्वांत कठोर पुरावा मात्र फ्लोरिडाच्या सरोवरांवर मिळाला नाही. ऑस्ट्रेलियाचे मायकेल स्मिथ हे 2015 मध्ये आपल्या सी-रेमधून मेलबर्नहून निघाले आणि त्याच वर्षी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. उघड्या समुद्रावरच्या लांब टप्प्यांसाठी त्यांना जास्तीचे इंधन बरोबर न्यावे लागले. सरोवरांवर सुटीच्या दिवशी फिरण्यासाठी रचलेल्या विमानाने हे करणे यात वैमानिकाच्या तयारीचा वाटा मोठा आहे, आणि त्याच्या बरोबरीने साध्या, दुरुस्त करता येण्याजोग्या रचनेचाही आहे.

शेजारची दोन उदाहरणे

सीविंड हे सी-रेच्या दुसऱ्या टोकाचे विमान. मूळ कॅनडातली रचना पुढे पेनसिल्व्हेनियातल्या एका कंपनीने किट म्हणून विकली. चार आसने, संमिश्र पदार्थांचे गुळगुळीत अंग, शेपटीच्या उभ्या पंखापुढे उंचावर बसवलेले तीनशे अश्वशक्तीचे इंजिन आणि उभयचर विमानात क्वचित दिसणारा वेग, ही त्याची वैशिष्ट्ये होती. कंपनीने किट मागे ठेवून पारंपरिक प्रकार-प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग धरला. ऑगस्ट 2007 मध्ये कॅनडात चाचणीचे विमान कोसळले आणि चाचणी-वैमानिकाचा मृत्यू झाला. प्रमाणपत्र कधीच पूर्ण झाले नाही. मोठ्या प्रमाणनाच्या खर्चापुढे आणि जोखमीपुढे एकच नमुना-विमान आणि एकच मार्ग असणे किती धोक्याचे आहे, हे या उदाहरणात दिसते. किटचे उत्पन्न चालू असते तर अपघात टळला असता असे मुळीच नाही, पण अपघातानंतर उभे राहण्यासाठी कंपनीजवळ काही उरले असते.

आयकॉन ए5 किट नव्हतेच. 2006 मध्ये स्थापन झालेल्या कॅलिफोर्नियातल्या या कंपनीने मोठी गुंतवणूक उभी केली आणि मोटारीसारखे देखणे, वेग कमी झाल्यावर सहज गिरक्या घेत खाली न येणारे विमान देण्याचे ठरवले. सुरक्षिततेच्या या गुणांमुळे वजन वाढले आणि तिने एफएएकडे सूट मागितली. ज्या 2013 मध्ये सी-रे नियमात बसले त्याच वर्षी आयकॉनला मर्यादेपेक्षा जास्त वजनाची परवानगी मिळाली. पहिले विमान 2015 मध्ये सुपूर्द झाले, पण सुरुवातीला जाहीर केलेली 1 लाख 39 हजार डॉलरची किंमत 2017 पर्यंत 3 लाख 89 हजारांवर गेली, आणि एप्रिल 2024 मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. आयकॉनचे अभियांत्रिकी काम अव्वल होते यात शंका नाही. पण तिच्याकडे असे ग्राहक नव्हते जे किंमत वाढली तरी आपल्या श्रमाने ती खाली आणू शकतील. सी-रेच्या ग्राहकाला तो पर्याय होता : तयार विमान महाग वाटले तर किट घ्या आणि फरक आपल्या संध्याकाळी घालून भरून काढा.

मराठी वाचकासाठी

आपल्याकडे उभयचर विमान दिसले ते प्रवासी सेवेच्या रूपात, म्हणजे 2014 मध्ये जुहूहून आंबी व्हॅलीकडे गेलेल्या सेवेत किंवा 2020 मध्ये साबरमतीहून केवडियाला सुरू झालेल्या सेवेत. ती सगळी परदेशात कारखान्यात बनलेली प्रमाणित विमाने होती. घरी विमान बांधण्याची जिद्द मात्र मराठी माणसाने दाखवली आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांनी 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले, आणि विमानाची नोंदणी मिळायला त्यांना 2017 उजाडले. अमेरिकेत कायद्यानेच ठरवून दिलेली जी वाट गॅरेजमधल्या माणसाला मिळते, ती नसताना त्यांनी हे केले. सी-रेसारखी कंपनी उभी राहण्यासाठी अभियंत्यांच्या आधी असा नियम लागतो, जो बांधणाऱ्याला जबाबदार धरतो आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वासही टाकतो. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्यावर हौशी बांधणीचे विमान कधी उतरायचे असेल, तर पहिला प्रश्न परवानगीच्या या रचनेचा असेल.

पुढील परिस्थिती

जुलै 2025 मध्ये एफएएने हलक्या क्रीडा विमानांचे नियम मुळापासून बदलले. कमाल वजनाची अट गेली आणि तिच्या जागी मुख्यतः विमान ज्या किमान वेगाला हवेत तग धरते त्या वेगावर मर्यादा आली. चार आसने, बदलत्या कोनाचा पंखा आणि आत घेता येणारी चाके यांनाही वाव मिळाला. क्रीडा-वैमानिकांच्या परवान्यातले बदल ऑक्टोबर 2025 पासून आणि नव्या विमानांच्या प्रमाणनाचे जुलै 2026 पासून, असे त्याचे टप्पे आहेत.

सी-रेसाठी या बदलाचे दोन अर्थ निघतात. 650 किलोंच्या कुंपणात बसण्याचे जे कौशल्य तिने वीस वर्षांत कमावले, त्याचे कायदेशीर मोल कमी होते, कारण जड आणि ताकदवान उभयचर विमाने आता त्याच वर्गात येऊ शकतात. त्याच वेळी तिच्या स्वतःच्या तयार विमानाला अधिक मजबूत चाके, अधिक इंधन किंवा थोडे जड पण टिकाऊ पोट देण्याची मुभा मिळते. हौशी बांधणीचा वर्ग, एक्कावन टक्क्यांच्या नियमासह, जिथे होता तिथेच आहे. म्हणून कंपनीपुढचा व्यावहारिक प्रश्न असा आहे की तयार विमान जड होत गेले तर किटही त्याच्या मागोमाग जड होऊ द्यायचे, की हलक्या किटचे साचे वेगळे ठेवायचे. साचे वेगळे झाले तर सुट्या भागांचा साठा दुप्पट होतो, पुस्तिका दोन होतात, आणि किटच्या मालकांनी शोधलेला दोष तयार विमानाला लागू पडतो की नाही हे दर वेळी नव्याने तपासावे लागते. साचे एकच ठेवले तर शंभर अश्वशक्तीच्या इंजिनावर पाण्यातून उठण्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि तो मांडताना सरोवरावर प्रत्यक्ष चाचणी घेणारे मालकच बहुधा कंपनीच्या सर्वांत उपयोगी पडतील.